लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमध

सिडनी, फेब्रुवारी

तिकडे थंडी सरत आली असेल. इथे उन्हाळा ऐन भरात आहे आणि रविवारी अर्धं शहर समुद्राकडे धावतं. आम्ही सहा मित्र-मैत्रिणींनीही सकाळीच सर्क्युलर कीवरून मॅन्लीची फेरीबोट धरली. अर्ध्या तासाचा प्रवास. ऑपेरा हाउस मागे पडतं, बंदराच्या तोंडाशी पॅसिफिकच्या लाटा बोट हलवू लागतात आणि डेकवरची पोरं आरडाओरडा करतात. धक्क्यावरून दुकानांचा रस्ता पार केला की नॉरफोक पाइनच्या उंच रांगेपलीकडे किनारा.

हा देश ओळखायचा तर असा एक रविवार वाळूत काढावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी ऊन. इथलं ऊन नुसतं तापवत नाही, कातडी जाळतं. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी हा एक. शर्ट चढवा, क्रीम चोपडा, टोपी घाला, असं सांगणारी मोहीम १९८१मध्ये सुरू झाली, ती आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे. हवामानाच्या अंदाजात अतिनील किरणांचा आकडा असतो. टोपी नसेल तर शाळेत मैदानावर खेळायला मिळत नाही. आम्हीही आधी तंबू ठोकला, मग डबे उघडले.

तंबूशेजारीच ‘निपर्स’ची शाळा भरली होती. पाच ते तेरा वर्षांची ही मुलं दर रविवारी समुद्र शिकायला येतात. एक शर्यत मी जवळून पाहिली. आठ-नऊ वर्षांच्या मुली पाण्याकडे पाय करून वाळूत पालथ्या पडलेल्या, हनुवटी हातांवर. मागे वाळूत रबरी नळीचे तुकडे रोवलेले, मुलींच्या संख्येपेक्षा एक कमी. शिट्टी वाजली की उठायचं, गर्रकन वळायचं, धावायचं आणि तुकडा झडपायचा. एका मुलीने अक्षरशः सूर मारला. तोंडभर वाळू, हातात नळी. शिकवणारे तिचे-इतरांचे आईबापच. कुणी सुतार, कुणी नर्स, कुणी बँकेत. पगार कुणालाच नाही.

लाल-पिवळ्या टोप्यांचे जीवरक्षकही तसेच. आठवड्याच्या इतर दिवशी नगरपालिकेचे पगारी रक्षक असतात, पण हंगामात शनिवार-रविवारी बहुतेक किनारे स्वयंसेवक सांभाळतात. देशभर या स्वयंसेवकांचे तीनशेहून अधिक क्लब आहेत. माजी पंतप्रधान टोनी ॲबट हे शेजारच्याच क्वीन्सक्लिफच्या क्लबचे स्वयंसेवक.

हे सगळं उभं राहिलं त्याची सुरुवात मॅन्लीशीही जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात इथे दिवसाउजेडी समुद्रात पोहायला कायद्याने मनाई होती. १९०२मध्ये विल्यम गॉचर या स्थानिक संपादकाने आपल्या पत्रात आधी जाहीर केलं आणि भर दुपारी समुद्रात उतरला. पुढच्या वर्षी मॅन्लीच्या नगरपालिकेने दिवसभर पोहायला मुभा दिली, अट एवढीच की पोशाख गळ्यापासून गुडघ्यापर्यंत हवा. माणसं लोटली, पोहणं मात्र फार थोड्यांना येत होतं. बुडणाऱ्यांना काढायला म्हणून गावोगावी क्लब निघाले. ते किती मोलाचे हे ६ फेब्रुवारी १९३८ला बाँडायवर दिसलं. लागोपाठच्या मोठ्या लाटांनी शेकडो माणसं आत ओढली गेली. क्लबचे बरेच गडी त्या वेळी किनाऱ्यावर होते, म्हणून जवळपास अडीचशे लोक बाहेर काढता आले, पाच दगावले.

बायकांना मात्र या पथकांत पूर्ण सदस्य म्हणून यायला १९८० उजाडावं लागलं. त्या दिवशी आमच्यासमोरच्या तुकडीची प्रमुख एक तरुणी होती, ते पाहून बरं वाटलं.

दुपारी तिचं काम डोळ्यांनी पाहिलं. पोहायचं ते दोन लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, हा नियम. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोलगट वाटेने जोरात परत जातं. तिला रिप म्हणतात. गंमत म्हणजे तिथे लाटा फारशा फुटत नाहीत. पाणी गडद, शांत दिसतं आणि नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. वाळू सरकली की रिपही सरकते, म्हणून दिवसभरात झेंडे हलवावे लागतात. आमच्यातल्या एकीचा पुण्याहून आलेला भाऊ हळूहळू झेंड्यांबाहेर गेला आणि बघता बघता दूर. पण सकाळी बहिणीने बजावलेलं त्याच्या लक्षात होतं: उलटं पोहून दमायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करायचा. हात वर जातो न जातो तोच ती तरुणी फळीवर पालथी पडून हातांनी पाणी मारत निघाली. त्याला पुढे आडवं घालून लाटेबरोबर घेऊन आली. पाणी गिळलंस का, डोकं दुखतंय का, एवढं विचारलं, वहीत नोंद केली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, मुरूडला असं कुणी असतं तर?” आम्ही सगळेच गप्प झालो. १ फेब्रुवारी २०१६ला सहलीला गेलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात गेले, ते कोण विसरेल? गोव्यात २००८पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आहेत. कोकणात आजही कितीदा जवळचे कोळी आणि बोटवालेच जिवावर उदार होऊन उडी घेतात. त्यांना साधनं, प्रशिक्षण आणि मानधन मिळायला हवं, आणि समुद्र वाचायला शिकवणं सहलीला नेणाऱ्या प्रत्येक शाळा-कॉलेजने आपलं काम मानायला हवं. झेंडे रोवायला काही फार मोठा खर्च येत नाही.

परतीच्या बोटीत त्याच्या बहिणीने फोनवर क्लबची माहिती काढली. जीवरक्षक होण्यासाठी ब्राँझ मेडॅलियनची परीक्षा द्यायची तर चारशे मीटर नऊ मिनिटांच्या आत पोहावं लागतं. शिवाय दोनशे मीटर धावणं, दोनशे पोहणं, पुन्हा दोनशे धावणं, हे आठ मिनिटांत. ती मूळची नागपूरची, पोहायला शिकली ती इथे येऊन. पुढच्या हंगामासाठी तिने नाव नोंदवलं आहे.