थंडीत बोंडअळी मरत नाही, झोपते! पऱ्हाटी रचून ठेवताय? आधी हे वाचा

थंडी पडली की शेतातले किडे कुठे गायब होतात? बरेच जण म्हणतात, "गारठ्याने मेले." पण तसं नसतं. मधमाश्या पोळ्यात एकमेकींना चिकटून बसतात आणि अंगाचे स्नायू थरथरवून ऊब धरतात. हुमणीचा भुंगेरा जमिनीखालीच दडून राहतो. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी बाहेर निघून कडुनिंब, बाभळीवर जमतो. आपल्या कापूसवाल्यांचं मोठं दुखणं मात्र गुलाबी बोंडअळी.

ही अळी दिवस मोजते म्हटलं तरी चालेल. दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की पूर्ण वाढलेल्या काही अळ्या कोषात जातच नाहीत. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत बसतात, नाहीतर वाळलेल्या कवडी बोंडात, पाल्यापाचोळ्यात, जमिनीच्या भेगेत शिरतात. खाणं बंद, हालचाल बंद. अंगात साठवलेल्या चरबीवर कित्येक महिने निघतात. याला सुप्तावस्था म्हणतात. जोडलेल्या सरक्या फोडून बघा, आत गुलाबी अळी सापडेल.

मे-जूनमध्ये हवेत ओल आली की अळीचा कोष होतो आणि त्यातून पतंग निघतो. हा पतंग जेमतेम आठ-पंधरा दिवस जगतो, आणि त्याच्या पिलांना कपाशीची पाती-फुलंच लागतात. त्या वेळी शेतात फुलं नसतील तर त्याची पिढी तिथंच खुंटते. पण मे महिन्यात ठिबकवर लावलेली कपाशी नेमकी पात्यावर असली, तर त्याचं फावलं! पुढे डोमकळ्या दिसतात त्या यामुळेच.

2017 च्या हंगामात विदर्भ, मराठवाड्यात या अळीने काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलंय. बीटी बियाण्याचा तिला आता धाक राहिलेला नाही. म्हणून तिच्या झोपेतच तिला गाठायचं.

फरदडीचा मोह कळतो, दोन-चार क्विंटल कुणाला नको? पण फेब्रुवारी-मार्चपर्यंत बोंडं उभी राहिली की अळीला खाणंही मिळतं आणि लपायला घरही. डिसेंबरअखेर वेचणी उरकून शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, हिरवी बोंडं त्या फस्त करतात. (नुकतीच फवारणी झाली असेल तर मात्र सोडू नका.) मग पऱ्हाटी उपटा, जमलं तर श्रेडरने बारीक करून कंपोस्टला टाका. चुलीसाठी हवीच असेल तर बोंडं झाडून, वेचून नष्ट करा. बांधावर गंजी लावली म्हणजे अळी सांभाळून ठेवल्यासारखंच. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की उरलेल्या अळ्या उन्हाने मरतात, काही नांगरामागे फिरणारे बगळे टिपतात.

जिनिंगलाही हेच लागू. सरकीच्या ढिगातून पतंग निघतात, म्हणून तिथं कामगंध सापळे लावतात. घरात कापूस साठवलेल्यांनीही एखादा टांगावा.