गाय गाभण राहण्याचा प्रश्न : लस आणि जंत

धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुका बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन पुष्कळ ठिकाणीं हलकी; त्यामुळें शेतकऱ्याच्या संसाराचा मोठा भार दुधावर आणि दूध आटवून केलेल्या खव्यावर पडतो. गाईचें सुमारें पांच लिटर दूध आटविलें म्हणजे किलोभर खवा हातीं येतो. गाय वेळेवर गाभण राहिली नाहीं, तर भट्टी थंडावते; चाऱ्याचा खर्च मात्र थंडावत नाहीं. गाईचा माज साधारणपणें 21 दिवसांनीं फिरून येतो, आणि तिचें गाभणपण सुमारें 280 दिवसांचें असतें. वर्षाला एक वेत मिळावयाचें असेल, तर व्यालेली गाय तीन महिन्यांच्या आंत पुन्हां गाभण राहिली पाहिजे. दोन माज वायां गेले कीं 42 दिवस गेलेच.

अशा मुलखांत लस टोचणारा माणूस दारीं आला म्हणजे एक शंका हटकून निघते : टोचल्यानें गाय गाभडेल काय? ही शंका अडाणीपणाची म्हणून हसण्यावारीं नेणें बरें नव्हे. तिच्यांत अर्धें सत्य आहे. तें अर्धें कोणतें, हें मात्र ओळखतां आलें पाहिजे.

लाळ्या-खुरकुताच्या लशींत रोगाचे विषाणु मारून घातलेले असतात. ते गर्भापर्यंत जाऊन रोग उत्पन्न करूं शकत नाहींत. टोचल्यावर एखादा दिवस अंग तापतें, मानेवर गांठ येते, दूध थोडें उतरतें, बहुधा इतकेंच. खरा रोग आला म्हणजे मात्र तापाच्या भरांत गाभण गाय गाभडूं शकते, आणि बरी झाल्यावरही कित्येक दिवस माजावर येत नाहीं. एक-दोन दिवसांच्या दुधासाठीं दर सहा महिन्यांची लस चुकविणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. गाय अगदीं दिवसांत आली असेल, तर तेवढें टोचणाऱ्यास आधीं सांगावें. अशा वेळीं धरपकड आणि आपटाआपट हीच तिला अधिक बाधते.

भीतीचें खरें अर्धें आहे तें दुसऱ्याच लशीविषयीं. 1897 सालीं डेन्मार्कमधील बर्नहार्ड बँग ह्यानें गाईंना गाभडविणारा जीवाणु शोधून काढला. त्याच्या रोगास ब्रुसेलोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय वरून धडधाकट दिसते, खाणें सुटत नाहीं. आणि पांचवा महिना उलटल्यावर अचानक गाभडते. पुष्कळदां वार अडकते, गर्भाशय सुजतें, आणि मग भरविलेली गाय पुनःपुन्हां उलटते. पडलेला गर्भ, वार आणि स्राव ह्यांत जीवाणु कोट्यवधि असतात. शेजारची गाय तें चाटते आणि रोग दावण बदलतो.

ह्या रोगावरील एस-19 नांवाची लस जिवंत, पण क्षीण झालेल्या जीवाणूंची आहे. तिचा जन्म मोठा गमतीचा. 1923 सालीं अमेरिकेंत जॉन बक ह्यानें एका जर्सी गाईच्या दुधांतून मिळविलेला जीवाणु प्रयोगशाळेच्या साध्या उष्णतामानांत वर्षाहून अधिक काळ पडून राहिला, आणि त्याचें विष उतरलें. तरीही तो जिवंतच. म्हणून ही लस गाभण गाईस टोचली तर ती खरोखरच गाभडूं शकते. ह्याच कारणास्तव ती फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडीस, जन्मांत एकदां, टोचतात, खोंडास नाहीं. सप्टेंबर 2019 मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत लाळ्या-खुरकुताबरोबर ह्याही लशीचा समावेश करण्यांत आला. चार महिन्यांची मुदत पाहतां पाहतां निघून जाते, आणि ती गेलेली ध्यानांत येते तेव्हां कालवड गाय होऊन गाभडलेली असते.

खव्याच्या कढईंत हा जीवाणु मरतो. तेव्हां गिऱ्हाइकास भय नाहीं. भय आहे तें उघड्या हातानें वार ओढणाऱ्या धन्यास आणि न तापविलेलें दूध पिणाऱ्या त्याच्या मुलांस. उलटून उलटून येणारा ताप आणि सांधेदुखी त्यांना महिनोन्महिने सोडीत नाहीं. पडलेला गर्भ व वार चुना घालून खोल पुरावीं, आणि त्या गाईचें रक्त तपासून घ्यावें.

जंतांची गोष्ट निराळी. ते गर्भावर सहसा चालून जात नाहींत. ते गाईचें अन्न आणि रक्त खातात. गाईच्या देहाचा हिशेब कठोर आहे : आधीं स्वतःचा जीव, मग दूध, आणि उरेल त्यांतून माज. कालवडीस ह्याचा फटका अधिक, कारण ती वयापेक्षां वजनानें माजावर येते. संकरित कालवड अडीचशें किलोंच्या आसपास भरवितात; जंतांनीं पोखरलेल्या कालवडीस तें वजन गांठण्यास कित्येक महिने अधिक लागतात. कोरड्या मुलखांत आणखी एक धोका असतो. उन्हाळ्यांत तलावाचें पाणी हटतें, काठच्या ओलीवर हिरवळ उगवते, आणि भुकेलीं गुरें तिकडेच धांव घेतात. गोगलगाईंच्या शरीरांत वाढलेलीं यकृतांतील चपट्या जंतांचीं पिलें त्याच गवताला चिकटलेलीं असतात.

परंतु धडधाकट, पोटभर खाणाऱ्या मोठ्या गाईस जंताचें औषध पाजलें म्हणजे ती माजावर येईल, ही समजूत व्यर्थ आहे. तिचा माज चुकत असेल, तर खुराक, क्षार आणि सर्वांत आधीं धन्याची नजर तपासावी. कित्येक गाई रात्रीं मुका माज करून मोकळ्या होतात. शेण तपासून, कोणता जंत आहे तें पाहून औषध द्यावें. एकच औषध पुनःपुन्हां पाजलें कीं जंत त्याला दाद देईनासे होतात. नुकत्याच भरविलेल्या गाईस अल्बेंडाझोल देऊं नये, गर्भाच्या घडणीस त्यानें बाध येण्याचें भय असतें. फेनबेंडाझोल त्या मानानें निर्धोक. लस टोचण्यापूर्वीं दहा-पंधरा दिवस जंतांचा बंदोबस्त केला, तर अशक्त जनावरासही ती चांगली लागू पडते. औषध दिल्यानंतर बाटलीवर छापलेल्या मुदतीपर्यंतचें दूध कढईंत घालूं नये. आटवितांना उडतें तें पाणी, औषध मागें राहतें.