राजकीय अस्थैर्य, आर्थिक ताण आणि विमान कंपनीचे अस्तित्व : थाई एअरवेजच्या अनुभवाचा विचार

प्रस्तावना

२५ नोव्हेंबर २००८ च्या संध्याकाळी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळात पिवळे शर्ट घातलेले हजारो निदर्शक शिरले आणि विमानतळ बंद पडला. पाठोपाठ शहरातील जुना दोन मुआंग विमानतळही बंद झाला. दुसऱ्याच रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाल्याने आपल्याकडील वृत्तपत्रांत बँकॉकच्या बातमीला फारशी जागा मिळाली नाही. प्रत्यक्षात मात्र तेथे लाखो प्रवासी अडकले होते. २ डिसेंबरला तेथील घटनात्मक न्यायालयाने सत्ताधारी पक्ष बरखास्त केला आणि त्यानंतरच निदर्शक हटले. एखाद्या राष्ट्रीय विमान कंपनीचे मुख्य केंद्र तिच्याच देशातील नागरिकांनी आठवडाभर रोखून धरावे, असे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल. थाई एअरवेज इंटरनॅशनल या कंपनीला त्या वर्षी सुमारे २१ अब्ज बाटचा तोटा झाला आणि तो आंदोलनामुळेच झाला, असा समज सार्वत्रिक झाला.

हा समज कितपत खरा आहे? राजकीय अशांतता आणि आर्थिक ताण या दोहोंच्या कात्रीत सापडलेली मोठी विमान कंपनी टिकू शकते काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार थाई एअरवेजच्या अनुभवाच्या आधारे केला आहे. ही कंपनी निवडण्याचे कारण असे की, गेल्या वीस वर्षांत तिने दोन लष्करी उठाव, विमानतळाचा ताबा, महापूर, महासाथ आणि दिवाळखोरी न्यायालय एवढे सर्व पाहिले आहे.

विमान कंपनीच्या अर्थकारणाचे स्वरूप

विमानातील आसन ही नाशवंत वस्तू आहे. उड्डाण झाल्यावर रिकामे राहिलेले आसन पुन्हा विकता येत नाही. विमानांचे भाडे, वैमानिकांचे वेतन, देखभाल हे खर्च मात्र विमान उडो वा न उडो, चालूच राहतात. इंधनाची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते आणि उत्पन्नाचा मोठा भाग स्थानिक चलनात येतो. याखेरीज आणखी एक बाब आहे, तिच्याकडे बऱ्याचदा दुर्लक्ष होते. प्रवासी तिकिटाचे पैसे प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी भरतो. कंपनीचे खेळते भांडवल म्हणजे बऱ्याच अंशी प्रवाशांनी विश्वासाने दिलेली ही आगाऊ रक्कमच होय. अशांततेची बातमी पसरली की नवे आरक्षण थांबते आणि जुन्या आरक्षणाचा परतावा मागितला जातो. म्हणजेच घाव प्रथम नफ्यावर पडत नाही, रोकडीवर पडतो. कंपनीच्या गाठीशी काही महिन्यांची रोकड असेल तर ती हा घाव सोसते. नसेल तर एरवी क्षुल्लक ठरावे असे निमित्तही पुरते.

रस्त्यावरचे राजकारण

या दृष्टीने २००८ कडे पुन्हा पाहिले पाहिजे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत पोहोचला होता आणि कंपनी विमानतळ बंद होण्यापूर्वीच तोट्यात गेली होती. बँकॉक ते न्यूयॉर्क या विनाथांबा सेवेसाठी घेतलेली चार इंजिनांची एअरबस ए-३४०-५०० विमाने इंधन इतके खात की, २००५ मध्ये सुरू केलेली ती सेवा २००८ च्या मध्यास बंद करावी लागली. विमानतळाचा ताबा हा आधीच खचलेल्या वर्षाच्या अखेरीस बसलेला तडाखा होता.

याहून बोलका पुरावा २०१० चा आहे. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत लाल शर्टवाल्यांच्या आंदोलनाने बँकॉकचा मध्यभाग ठप्प झाला, लष्करी कारवाई झाली आणि ९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तरीही त्या वर्षी कंपनीने सुमारे १५ अब्ज बाटचा निव्वळ नफा मिळवला. याउलट २०१७, २०१८ आणि २०१९ ही तीन वर्षे पाहावीत. २२ मे २०१४ च्या उठावानंतर रस्ते शांत होते. २०१९ मध्ये तर थायलंडमध्ये सुमारे चार कोटी परदेशी पर्यटक आले, हा त्या काळातील उच्चांक होता. असे असूनही कंपनी तिन्ही वर्षे तोट्यात राहिली आणि २०१९ चा तोटा सुमारे १२ अब्ज बाटवर गेला. रक्तपाताच्या वर्षी नफा आणि पर्यटकांच्या महापुरात तोटा! केवळ अशांततेचे कारण पुढे करून या विसंगतीचा उलगडा होत नाही.

संचालक मंडळातले राजकारण

उलगड्यासाठी मालकीच्या इतिहासाकडे वळावे लागते. १९६० मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स सिस्टीमच्या ३० टक्के भागीदारीने ही कंपनी स्थापन झाली. १९७७ मध्ये त्यातला उरलेला हिस्सा थाई सरकारने घेतला. १९९१ मध्ये समभाग बाजारात आले, तरी बहुमत अर्थखात्याकडेच राहिले. संचालक मंडळावर हवाई दलाच्या अधिकाऱ्यांचा वर्षानुवर्षे वावर होता. विमानखरेदीत व्यापारी हिशेबापेक्षा अन्य विचारांना वजन मिळाले. एअरबस आणि बोईंगच्या इतक्या निरनिराळ्या जातींची विमाने ताफ्यात आली की, प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र प्रशिक्षित वैमानिक, स्वतंत्र सुटे भाग, स्वतंत्र तंत्रज्ञ बाळगणे भाग पडले. जानेवारी २०१७ मध्ये रोल्स-रॉइस या इंजिन उत्पादक कंपनीने ब्रिटनमधील तपास यंत्रणेशी केलेल्या समझोत्यात, १९९१ ते २००५ या काळात थाई एअरवेजच्या इंजिनखरेदीसाठी मध्यस्थांमार्फत लाखो डॉलर दिल्याची बाब उघड झाली.

पियस्वस्ती अमरानंद यांचे उदाहरण येथे महत्त्वाचे वाटते. २००६ च्या उठावानंतरच्या सरकारात ते ऊर्जामंत्री होते. २००९ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि २०१० चा नफा त्यांच्याच कारकिर्दीतला. २०११ मध्ये देशात सरकार बदलले आणि २०१२ मध्ये संचालक मंडळाने त्यांना दूर केले. त्यांची नेमणूकही राजकारणापासून अलिप्त होती असे म्हणता येणार नाही. पण सरकारागणिक अध्यक्ष बदलणार असेल, तर दहा-पंधरा वर्षे वापरावयाच्या विमानांचे नियोजन कोणी व कसे करावयाचे?

या मालकीचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. सरकार पाठीशी आहे या भरवशावर धनको कर्ज देत राहिले. त्यांत सत्तरहून अधिक बचत सहकारी संस्था होत्या. वीजनिर्मिती प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांच्या संस्थेसारख्या, आपल्याकडील पगारदार नोकरांच्या पतसंस्थांशी साधर्म्य असणाऱ्या या संस्थांनी सभासदांची बचत कंपनीच्या कर्जरोख्यांत गुंतवली होती. आपल्यापैकी बहुतेक जण अशा एखाद्या पतसंस्थेचे सभासद असतात, म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदवावासा वाटतो. सरकारी मालकी ही हमी नव्हे. ती हमीचा आभास होती.

न्यायालयाचा मार्ग

हा आभास २०२० मध्ये ओसरला. महासाथीमुळे उड्डाणे थांबली. सुमारे ५० अब्ज बाटच्या कर्जाला सरकारी हमी देण्याचा प्रस्ताव पुढे आला, पण जनमत विरोधात गेले. मे २०२० मध्ये मंत्रिमंडळाने कंपनीला दिवाळखोरी न्यायालयामार्फत पुनर्वसनाच्या मार्गावर नेण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात अर्थखात्याने आपला ३.१७ टक्के हिस्सा वायुभक्ष या निधीला विकला. तेवढ्याने सरकारी वाटा निम्म्याखाली आला आणि कंपनीचा सार्वजनिक उपक्रम हा दर्जा संपला. या दर्जाबरोबर नोकरकपातीला अडसर ठरणारी कायद्याची चौकटही गेली.

त्या वर्षी कंपनीला १४१ अब्ज बाटचा तोटा झाला. उत्पन्नासाठी तिच्या उपाहारगृहाने पाथोंगको हा तळलेला पदार्थ विकायला काढला, तेव्हा त्यासाठी ग्राहकांच्या रांगा लागल्या. याची थट्टाही झाली. परंतु रोकडीअभावी कंपनी कोणत्या टोकाला जाते, ते यावरून ध्यानात यावे.

खासगी मालकी हाच उपाय, असा निष्कर्ष येथे काढणे घाईचे होईल. मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज खासगीच होती. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे उड्डाण थांबले आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले ते जूनमध्ये. तोवर भाड्याची विमाने मालकांनी परत नेली होती आणि विमानतळावरील वेळा इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या होत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. थाई एअरवेज न्यायालयात गेली तेव्हा तिची विमाने जमिनीवर असली, तरी ती तिच्याच ताब्यात होती. शिवाय साऱ्या जगातील विमाने उभी असल्याने भाडेपट्टीदारांना ती परत नेऊन दुसऱ्या कोणाला देण्याची सोय नव्हती. त्यांनी उड्डाणाच्या तासांवर भाडे घेण्याचे मान्य केले. ज्या संकटाने कंपनीला बुडवले त्यानेच तिच्या धनकोंना संयम शिकवला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

जून २०२१ मध्ये न्यायालयाने पुनर्वसन आराखडा मंजूर केला. प्रशासकांमध्ये पियस्वस्ती अमरानंद पुन्हा होते. विमानांच्या जाती कमी करण्यात आल्या, थाई स्माइल ही उपकंपनी मूळ कंपनीत विलीन झाली आणि सुमारे २९ हजारांची कर्मचारी संख्या जवळपास निम्म्यावर आली. आर्थिक अहवालांत 'पुनर्रचना' या शब्दाने उरकल्या जाणाऱ्या या आकड्यामागे चौदा हजारांच्या आसपास कुटुंबे आहेत. २०२३ मध्ये कंपनीला सुमारे २८ अब्ज बाटचा नफा झाला. २०२१ चा मोठा नफा आणि २०२४ चा सुमारे २७ अब्जांचा तोटा हे दोन्ही मुख्यतः कर्जपुनर्रचनेच्या हिशेबी नोंदींतून आले असल्याने त्यांवरून धंद्याची पारख करू नये. २०२४ च्या अखेरीस धनकोंनी कर्जाचा काही भाग प्रतिसमभाग सुमारे अडीच बाट या दराने भागभांडवलात बदलून घेतला.

नंतरच्या घडामोडी

१६ जून २०२५ रोजी न्यायालयाने पुनर्वसन प्रक्रिया समाप्त केली. १ जुलैला पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा निलंबित झाल्या. २४ जुलैला कंबोडियाच्या सीमेवर चकमकी सुरू झाल्या आणि पाच दिवस चालल्या. ४ ऑगस्टला, म्हणजे शस्त्रसंधीनंतर आठवड्याभरात, कंपनीच्या समभागांचे व्यवहार पुन्हा सुरू झाले, तेही दहा बाटच्या आसपासच्या भावाने. २९ ऑगस्टला पंतप्रधानांचे पद गेले. एवढ्या उलथापालथीत गुंतवणूकदारांनी या समभागाकडे पाठ फिरवली नाही.

त्यांना चिंता वाटली होती ती वेगळ्याच प्रसंगी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थखात्याने पुनर्वसन प्रशासक म्हणून आणखी दोन व्यक्तींची नावे सुचवली, तेव्हा सरकारी हस्तक्षेप परत येत असल्याची शंका उघडपणे व्यक्त झाली होती. कर्जाच्या रूपांतरानंतर अर्थखात्याचा हिस्सा सुमारे ३९ टक्क्यांवर आला. सर्वांत मोठा एकटा भागधारक अजूनही तेच आहे.