विहिरीचं पाणी आणि छतातले फवारे

आमचा मामेभाऊ कॅलिफोर्नियात डोंगराळ भागात दुमजली घर बांधतोय. नळयोजना नाही, बोअरवेल आहे. तिथे १ जानेवारी २०११ पासून नव्या घरात आगीचे फवारे बसवणं सक्तीचं आहे. बोअर मिनिटाला जेमतेम ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी देते. प्लंबरने सांगितलं, २६ गॅलन लागतील. भाऊ घाबरून म्हणाला, "आपा, आता दुसरी बोअर मारायची का?" आमचा विषय गणित, म्हणून हिशेब आमच्या गळ्यात पडला.

आधी एक गैरसमज दूर करू. सिनेमात दाखवतात तसे सगळे फवारे एकदम सुरू होत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची छोटी नळी असते. साधारण ६८ अंश सेल्सिअसला ती तडकते आणि तेवढ्याच फवाऱ्यातून पाणी येतं. मालवण करपलं, धूर झाला म्हणून काही होत नाही. त्यामुळे घराचा हिशेब दोन फवाऱ्यांवर धरतात. तिथलं मानक आहे 'एनएफपीए १३-डी', आणि त्याची अपेक्षा दहा मिनिटं पाणी पुरण्याची; छोट्या एकमजली घराला सात मिनिटं. हेतू एवढाच, की आग खोलीतच दबावी आणि माणसं बाहेर पडावीत.

प्लंबरचे २६ गॅलन म्हणजे दोन फवाऱ्यांना प्रत्येकी १३. मिनिटाला ९८ लिटर, दहा मिनिटांत ९८० च्या आसपास. बोअर तेवढ्या वेळात १९० देणार. उरले ७९० लिटर. ते जमिनीतून त्याच क्षणी यायला हवेत असं कुठे आहे? आधीच साठवलेले असले की झालं! दुसरी बोअर नको, टाकी हवी. गंमत बघा, आपल्याकडे प्रत्येक गच्चीवर टाकी असते. तिथे बोअरचं पाणी दाबाच्या छोट्या टाकीतून थेट नळाला जातं. त्या टाकीतलं वापरता येणारं पाणी फारच थोडं, त्याच्या भरवशावर राहू नये.

भावाने ३०० गॅलनची, म्हणजे साधारण ११३५ लिटरची टाकी घेतली. बोअर ती भरते आणि वेगळा पंप फवाऱ्यांना दाब देतो. घरवापराचं पाणीही त्याच टाकीतून घ्यायचं असेल, तर तो पाइप वरच्या बाजूला काढावा. पाणी हलतं राहतं, आणि आंघोळी झाल्या तरी तळचा साठा शाबूत राहतो. बोअरच्या पाण्यात वाळू, लोह असतं. गाळणी हवीच, नाहीतर फवाऱ्याचं बारीक भोक बुजायचं.

आमची खरी काळजी विजेची होती. तिकडे जोराचा वारा सुटला की वणव्याच्या भीतीने वीज कंपन्या स्वतःच पुरवठा बंद करतात. नेमक्या त्याच दिवशी घरात आग लागली तर? पंपाला स्वतंत्र लाईन दिली तरी वीजच नसेल तर ती काय कामाची! जागा उताराची असेल तर टाकी वर चढवावी. दर १० मीटर उंचीला साधारण एक बार दाब फुकट मिळतो. भावाची जागा सपाट निघाली. म्हणून बॅटरी घेतली, आणि खर्च पाहून भाभी दोन दिवस बोलल्या नाहीत.

हे फवारे घराच्या आतल्या आगीसाठी. बाहेरचा वणवा त्यांच्याने अडत नाही, हे आम्ही त्याला दोनदा बजावलं. उन्हाळ्यात बोअरची पातळी उतरते, म्हणून चाचणी त्याच दिवसांत घ्यायला सांगितली. गेल्या जुम्म्याला त्याने चाचणीचा व्हॉल्व्ह उघडून व्हिडिओ कॉल लावला. मुलगी मोबाईलवर वेळ मोजत होती. तेरा मिनिटांनंतर धार बारीक झाली.