खिशातील आकाशवाणी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा वीटभट्टीवरच्या उचलीवर बोलू, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही ‘मोबाइलवर रेडिओ कसा ऐकावा’ असा विषय सांगितला आणि थोडा हशा पिकला. रेडिओ आता ऐकतो कोण, आणि कामगारांच्या चळवळीतल्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय, असे दोन प्रश्न त्या हशात होते. दोन्ही रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे देण्यापूर्वी यंत्र समजून घेतलेले बरे. आम्ही इंजिनियर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे कळले ते वाचून, विचारून आणि चार वेळा चुकून कळले. त्यामुळे जे सांगावयाचे ते आम्हांला समजले त्याच भाषेत सांगू.

मुंबईचे रेडिओकेंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. त्या वेळी ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी मंडळीचे होते. 1936 साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव पडले, 1953 साली पुण्याचे केंद्र निघाले आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून शेताच्या बांधावर गेला. मुंबई केंद्रावरची ‘कामगार सभा’ आमच्या वडिलांच्या पिढीला घड्याळासारखी होती. मर्फीचे रेडिओ तर आपल्या ठाण्यातच तयार होत, आणि तेव्हा जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा निराळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 रोजी.

ह्या जुन्या रेडिओची रीत अशी, की केंद्रावरून लहरी सुटतात आणि ज्याच्याजवळ यंत्र आहे तो त्या पकडतो. मध्यम लहरी जमिनीच्या अंगाने लांब जातात आणि रात्री आकाशातील उंच थरावरून परावर्तित होऊन आणखी दूर पोचतात. एफ. एम.च्या लहरींचा आवाज स्वच्छ, पण त्या सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. आपला मुलूख सगळा डोंगराचा आणि दऱ्यांचा. टेकाडावर गाणे स्वच्छ लागते आणि खाली पाड्यात उतरावे तो नुसती खरखर उरते, हा अनुभव येथे पुष्कळांना असेल.

आता मोबाइलमधल्या ॲपचे पाहू. ॲपवर रेडिओ ऐकणे म्हणजे लहर पकडणे नव्हे. केंद्रात बोललेला आवाज आकड्यांत बदलतात, त्यातला कानाला न जाणवणारा भाग काढून तो लहान करतात आणि त्याचे बारीक बारीक तुकडे इंटरनेटवरून पाठवितात. आपला फोन ते तुकडे क्रमाने जोडून पुन्हा आवाज करतो. वाटेत एखादा तुकडा उशिरा आला तर आवाज तुटू नये म्हणून ॲप काही सेकंदांचा साठा आधी करून ठेवते. म्हणूनच ट्रान्झिस्टरवाल्याला चौकार आधी कळतो आणि ॲपवाल्याला मागाहून. ॲपवरच्या वेळेच्या ठोक्यावर कोणी घड्याळ लावू नये, एवढेच ह्यावरून घ्यावयाचे.

दोन्हींतला खरा फरक पाण्याच्या दाखल्याने समजेल. रेडिओची लहर पावसासारखी आहे. शिवारात एक माणूस उभा असो की हजार असोत, पाऊस तेवढाच पडतो आणि कोणाला बिल येत नाही. ॲपचे तसे नाही. तेथे प्रत्येक श्रोत्याला निराळी धार सोडावी लागते आणि ती मोजली जाते. मोखाड्याच्या माणसाला हा भेद फोडून सांगावयास नको. जुलैत धो धो पाऊस पाहावयाचा आणि एप्रिलात टँकरपुढे हंड्यांची रांग लावावयाची, हे तो जन्मभर करीत आला आहे.

मोजमाप किती, हेही पाहू. आवाज सेकंदाला 64 किलोबिट ह्या वेगाने येत असेल, तर तासाला सुमारे 29 एम. बी. डेटा जातो, वेग 32 किलोबिट असेल तर त्याच्या निम्मा. रोज दोन तास ऐकले तरी साठ एम. बी.च्या आतच. चित्रफिती पाहण्यात तासाला शेकडो एम. बी. जातात, त्या मानाने हे काहीच नव्हे. तेव्हा रेडिओच्या ॲपने रिचार्ज संपतो ही तक्रार खरी नाही. रिचार्ज मारलेलाच नसतो, ही तक्रार मात्र खरी आहे.

मिळते काय, ते पाहा. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ह्या ॲपवर आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या फुकट ऐकता येतात. जव्हारच्या बाजारपेठेत बसून पुणे ऐकावे, नागपूर ऐकावे; कामासाठी गुजरातेत गेलेल्या माणसाने तेथे बसून मराठी बातम्या ऐकाव्या. केंद्राच्या पल्ल्याची जुनी हद्द ह्या ॲपने मोडून टाकली, हे त्याचे मोठे काम. दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी उरकली की आपल्याकडची घरेच्या घरे भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. त्या सहा महिन्यांत ती माणसे मुलुखातल्या बातमीला मुकतात. त्यांच्या हाती हे साधन पडावे, असे आम्हांला वाटते.

ह्या वाटण्याला कारण घडले ते 2020 साली. मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा आपली पुष्कळ माणसे भट्ट्यांवरच अडकली होती. आम्ही आमच्या परीने निरोप धाडीत होतो आणि ते सगळे व्हॉट्सॲपवर. एप्रिलच्या मध्यास टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढली. त्याच दिवशी, 14 एप्रिलला, गाड्या सुटणार ह्या अफवेने वांद्रे स्टेशनाबाहेर हजारोंची गर्दी जमली. त्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका भट्टीवरही असाच बोलका निरोप फिरला, की उद्या पहाटे नाक्यावर गाड्या लागणार. बायकांनी भांडी बांधली, पोरांना उठविले. तेथे एक म्हातारेबाबा होते, त्यांच्याजवळ सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. ते म्हणाले, “रेडिओवर तर असं काही सांगितलं नाही. सकाळची बातमी ऐका, मग निघा.” सकाळच्या बातमीत गाड्यांचे नाव नव्हते. माणसे थांबली. लहान मुले घेऊन उन्हातून नाक्यावर जाणे आणि तेथून हाकलले जाणे वाचले.

मागाहून चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आम्ही धाडलेले निरोप त्या भट्टीवर फक्त दोन फोनांवर पोचले होते आणि त्यांतला एक मुकादमाचा होता. बायकांपैकी एकीजवळही तसला फोन नव्हता. आपण संघटना करतो आणि निरोप मुकादमाच्या हाती देतो, हे लक्षात आल्यावर आम्ही फार शरमलो. त्या दिवसापासून रेडिओचा विचार डोक्यात घोळू लागला.

हस्ते परहस्ते आलेल्या निरोपाला धनी नसतो. रेडिओवरच्या बातमीला केंद्र असते, वेळ असते, बोलणाऱ्याचे नाव असते. ती सरकारी असेल, अपुरीही असेल. परंतु एकाच क्षणी सर्वांना तीच ऐकू येते आणि चुकली तर जाब कोणाला विचारावयाचा हे ठाऊक असते. ‘थेट’ ऐकण्याचे मोल ह्यात आहे.

मग सर्वांनी ॲप घ्यावे आणि ट्रान्झिस्टर टाकावा काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. ॲपला रेंज लागते, आणि जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर ती अजून झाडाच्या बुंध्याशी किंवा खडकावर उभे राहून शोधावी लागते. जुलै 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सेवा न पोचलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची 4जीची योजना मंजूर केली. मंजुरी चांगली, पण टॉवर उभा राहिला तरी त्याला वीज लागते. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडात वीज आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद पडले होते. अशा वेळी दूरच्या केंद्राची लहर आणि दोन सेल एवढ्यावरच बातमी येऊ शकते.

म्हणून आमची सूचना व्यवहाराची आहे. पहिली, फोनमध्ये एफ. एम. आहे का ते आधी पाहावे. बटणाच्या पुष्कळ फोनांत ते असते; इअरफोनची वायर हीच त्याची एरियल. त्याला डेटा लागत नाही, रिचार्ज लागत नाही. ही सोय कंपन्यांनी बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने 2023 साली केलीच आहे. दुसरी, ॲप घ्यावयाचे तर अधिकृत घ्यावे, आणि रेडिओ ऐकण्यासाठी जे ॲप तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो मागते त्यास ते देऊ नयेत. रेडिओची लहर कोण ऐकतो हे केंद्राला कळत नाही. ॲपला मात्र कळू शकते. तिसरी, आवाजाचा दर्जा कमी करण्याची सोय असेल तर तो कमी ठेवावा. बोलणे त्यातही समजते आणि कच्च्या रेंजवर धार तुटत नाही. चौथी, पावसाळ्यात घरात एक ट्रान्झिस्टर आणि सेलची जोडी असावी.

पाचवी सूचना सर्वांत महत्त्वाची, आणि ती आमची नव्हे, पुण्याची आहे. 1956 साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, काय करावयाचे ते ठरवावयाचे आणि शंका केंद्राला कळवावयाच्या, अशी पद्धत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले आढळले. नुसता रेडिओ पुरत नाही. भोवती बसलेली माणसे लागतात.

आज हे फार सोपे आहे. पाड्यावर एका घरी फोन असावा, त्याला लहानसा स्पीकर जोडावा, आणि संध्याकाळी अर्धा तास दहा-बारा माणसांनी अंगणात बसावे. त्यांत बायका असाव्यात, हे आवर्जून सांगतो. फोन एकाचा असला तरी बातमी सगळ्यांची होते, आणि मजुरीचा दर, रेशन, शाळेचा दाखला ह्यांविषयी जे ऐकले ते खरे की खोटे, हे तेथेच बोलून ठरते. आमच्या संघटनेने मागल्या हंगामात दोन भट्ट्यांवर असे बसणे सुरू केले. पहिल्या आठवड्यात गाण्यांनाच गर्दी झाली. दुसऱ्या आठवड्यात एका बाईने विचारले, “आमच्या बोलीत का नाही बोलत?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर शहरवासीयांनी शोधावयाचे आहे. 2006 पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ काढता येतो. माणदेशात म्हसवडला असे केंद्र चालते. वारली, कोकणा, कातकरी बोलींत बोलणारे एखादे केंद्र ह्या डोंगरात का निघू नये? जव्हारात शिक्षक आहेत, वकील आहेत, निवृत्त कारकून आहेत, आणि व्याख्यानाला येऊन दोन तास शांत बसणारे आपण सर्व आहोत. ऐकण्याची सवय असलेल्या माणसांनी हे काम हाती घेतले तर ते होईल, असा आम्हांला भरवसा वाटतो. तोपर्यंत निदान एवढे करावे: घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या फोनमध्ये एफ. एम. आहे का ते पाहावे, आणि ते कसे लावावयाचे ते त्यांना दाखवून द्यावे. ह्याला दोन मिनिटेदेखील लागत नाहीत.