लोगो टी-शर्टवर, लाइफ जॅकेटवर नको

हिडकल जलाशयावर जाणाऱ्यांसाठी आपण संस्थेचे टी-शर्ट छापतोय. लोगोचा फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला की छापताना फाटतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. रेघा जाड, रंग दोनच. सुती कापडाला स्क्रीन प्रिंट घेतलं. सब्लिमेशन फिक्या पॉलिस्टरवरच टिकतं. छातीवरचा लोगो जॅकेटखाली झाकतो, म्हणून बाहीवर.

काही जण म्हणाले, लाइफ जॅकेटवरपण मारूया. अजिबात नको! हीट प्रेस 150 अंशांच्या आसपास तापतो, आतला फोम आकसतो. भरतकामाच्या सुईनं कापडाला भोकं पडतात. मग ते जॅकेट माणसाला किती उचलून धरेल, सांगता येणार नाही. ओळखीसाठी पट्ट्याला कापडी बिल्ला बांधा.

टी-शर्टची मापं रविवारपर्यंत कळवा. घरातून जाळ्यावर येणाऱ्या बायकांचीपण.