एसी जिंकला, तरी डीसी संपला नाही

वणी तालुक्यातलं राजूर कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जातं. एसी आणि डीसीचं जुनं भांडण समजून घ्यायला हे गाव सोयीचं आहे. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या टोपीवरचा दिवा बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालतो. घरातला साधा पंखा एसीवर.

डीसी करंट एकाच दिशेने वाहतो. आपल्याकडचा एसी मात्र सेकंदाला ५० वेळा जाऊन परत येतो. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, ते ११० व्होल्टच्या डीसीचं. पण दीड-दोन किलोमीटरच्या पुढे त्याची वीज परवडेना, कारण ती तारेतच उष्णता होऊन वाया जायची. हे नुकसान करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. तेवढीच वीज दहापट व्होल्टेजने पाठवली, तर करंट दहावा हिस्सा होतो आणि नुकसान शंभरावा.

म्हणजे वीज पाठवताना व्होल्टेज चढवायचं आणि घराजवळ आल्यावर उतरवायचं. हे काम ट्रान्सफॉर्मर करतो. गावातली डीपी ११ हजार व्होल्टचे घरगुती २३० करते, तेही एकही भाग न फिरवता. मात्र ट्रान्सफॉर्मरला सतत बदलणारा करंट लागतो, डीसीवर तो चालतच नाही. एसीचा पुरस्कार करणाऱ्या वेस्टिंगहाउस आणि टेस्ला यांची बाजू वरचढ ठरली ती इथे. एसी जीवघेणा आहे हे दाखवण्यासाठी एडिसनच्या गोटातून भर सभेत कुत्र्यांना शॉक देऊन मारण्यात आलं. तो प्रकार ओंगळच होता, आणि उपयोगही झाला नाही. १८९३ चं शिकागोचं प्रदर्शन एसीने उजळलं, पाठोपाठ नायगाराची वीजही एसीनेच बफेलोला गेली.

खटला तिथे मिटला असं शाळेत शिकवतात. पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वाहिनी गेली आहे. १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेली ही वाहिनी डीसीची आहे! तिची क्षमता १५०० मेगावॉट. एक तार अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरी उणे ५०० वर. म्हणून करंट फक्त १५०० अँपिअर. हीच वीज २३० व्होल्टने न्यायची म्हटली, तर ६५ लाख अँपिअर लागतील. मनोऱ्याखाली उभं राहून वर पाहिलं की फरक कळतो: एसीला तारांचे तीन संच लागतात, इथे दोन्ही बाजूंना एकेकच.

मग ट्रान्सफॉर्मरचं काय? तो आहेच, पण टोकांना. चंद्रपूरला आधी एसीचं व्होल्टेज हव्या त्या पातळीवर आणतात, मग थायरिस्टरच्या रांगा त्याला एकाच दिशेला वळवतात. थायरिस्टर हा अर्धवाहकाचा दरवाजा: इशारा मिळाला की उघडतो आणि करंट एकाच बाजूने जाऊ देतो. एकट्याला एवढा दाब पेलत नाही, म्हणून अनेक एकामागे एक जोडतात. पडघ्याला हाच प्रकार उलटा करून पुन्हा एसी बनवतात. ही दोन्ही केंद्रं महाग पडतात, म्हणून जवळच्या अंतराला डीसी परवडत नाही. लांब पल्ल्यात मात्र तारा, मनोरे आणि वाया जाणारी वीज यांत तो खर्च भरून निघतो.

राजूरहून वर्धा नदी ओलांडली की भद्रावती. तिथलं १००० मेगावॉटचं केंद्र तर त्याहून नवलाचं. तिथे डीसीला लांबचा प्रवासच नाही: एका आवारातच एसीचा डीसी होतो आणि लगेच परत एसी. कारण हे केंद्र उभं राहिलं तेव्हा पश्चिम आणि दक्षिण भारताच्या ग्रिड, म्हणजे विजेची जाळी, वेगवेगळ्या तालावर चालत; ताल म्हणजे एसीच्या जाण्या-येण्याचा ठेका. एसीची दोन जाळी थेट जोडायची, तर दोन्हींचा ताल तंतोतंत जुळावा लागतो. डीसीला तालच नसल्याने तो मध्यस्थ होऊ शकतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीमुळे दोन्ही ग्रिड एका तालावर आल्या. तरीही अशा केंद्राचा एक गुण उरतोच: एसी करंट आपली वाट आपणच शोधतो, इथे मात्र पलीकडे किती मेगावॉट सोडायचे ते ऑपरेटर ठरवतो.